दोन्ही बाजूंनी बाराखिंड

नरसय्या मास्तरांसमोर कुणी "सगळ्या थापा हो ह्या" असं म्हणालं, की ते हातातली पेन्सिल कानावर ठेवायचे. पेन्सिल कानावर गेली की शहाण्यानं मुकाट उठून चालू पडावं. मी शहाणा नव्हतो, म्हणून पुढचं सगळं बघायचं माझ्या नशिबात आलं.

मी मूळचा मोहोळचा. सोलापुरात साखर पेठेच्या मागं एका चादरीच्या कारखान्यात दिवाणजी म्हणून लागलो, ते साल एकाहत्तर असेल. मास्तर तिथं नक्षा काढायचे. मास्तर म्हटलं की लोकांना शाळा आठवते. आमचे मास्तर स्वतःच चौथी शिकलेले, आणि तेही तेलुगू शाळेत. चादरीवर तुम्हाला जो मोर दिसतो, तो आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून काढावा लागतो. मग त्या घरांबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, पट्ट्या ओळीनं ओवायच्या आणि ती माळ मागाच्या डोक्यावरच्या जेकार्ड यंत्रात चढवायची. भोक असेल तिथं दोरा वर उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो. एक भोक चुकलं की मोराचा डोळा गेलाच म्हणून समजा. "वीस वर्सात एक मोर आंधळा केला न्हाय मी," हे मास्तर स्वतःच सांगायचे, आणि तेही नव्या माणसाला पहिल्याच दिवशी.

असा हा नेमका माणूस, आणि वाचायचा काय तर 'बाराखिंड'! आजच्या पोरांना नाव ठाऊक नसेल, पण त्या काळी ह्या पुस्तकांनी वेड लावलं होतं. सहा-आठ महिन्यांनी एक भाग यायचा. बारा खिंडींनी वेढलेलं एक राज्य, तिथून परागंदा झालेला राजपुत्र केतुमान, आणि त्याच्या जिवावर उठलेली काजळी नावाची जादूगारीण. बोलणारे कडे, चालणारी झाडं, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी केतुमान कुठंतरी लोंबकळतोय. भुसार दुकानातल्या हमालापासून कॉलेजातल्या प्राध्यापकापर्यंत सगळे वाचायचे आणि विचारलं की "छे, छे" म्हणायचे. उघड्यावर बसून वाचणारे मास्तर एकटेच.

त्यांना हा नाद लागला सरकारी दवाखान्यात. हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, आणि शेजारच्या खाटेवर अक्कलकोटकडचा एक प्राथमिक शिक्षक होता. तो रोज दुपारी पहिला भाग मोठ्यानं वाचायचा. मास्तरांना मराठी बोलता यायचं, वाचता मात्र येत नव्हतं. केतुमान उखळखिंडीच्या कड्यावर एका मुळीला धरून लोंबकळत होता, मुळी तुटत आली होती, आणि नेमकं तेव्हाच त्या शिक्षकाला घरी सोडलं. पुस्तक घेऊन माणूस गेला! मास्तर सांगायचे, "टाके वले हुते दिवाणजी, न्हाईतर इस्टेशनपतूर पळालो असतो त्याच्या मागं." घरी आल्यावर त्यांनी स्वतःच्या मुलीची पहिलीची अंकलिपी घेतली आणि पस्तिसाव्या वर्षी मराठी वाचायला शिकले. सहा महिने लागले. सहा महिने तो केतुमान तिथंच लोंबकळत होता.

नवा भाग रेल्वेच्या पार्सलानं यायचा. त्या दिवशी मास्तर इस्त्रीचा सदरा घालून स्टेशनवर जायचे. त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, ह्याचा भारी राग. उंबऱ्यात बसून विड्या वळता वळता त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या, "माझ्या बाळंतपणाला सुट्टी न्हाय घेतली ह्यांनी, आन् पुस्तक आणायला सदरा बगा!" पुस्तक घरी आलं की त्याला जेकार्डाच्या जुन्या पुठ्ठ्याचं कव्हर. हात धुतल्याशिवाय पान उलटायचं नाही. दिवसाला एकच प्रकरण, कितीही जीव टांगणीला लागो. आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते प्रकरण विणकरांना त्यांच्या घरच्या भाषेत, तेलुगूत, सांगायचं. माग थांबलेले असायचे, डबे उघडे असायचे, आणि वीस-पंचवीस माणसं घास हातात धरून बसलेली असायची. मला तेलुगू कळत नव्हतं, तरी कुठल्या क्षणी काजळी आली ते मला त्या तोंडांवरून कळायचं. गोष्ट संपली की मास्तर हात झटकायचे आणि म्हणायचे, "अंते!" म्हणजे एवढंच, झालं. मग माग सुरू.

आता माझं सांगतो. मी त्या वेळी स्वतःला मोठा वाचक समजायचो. जाडजूड पुस्तकं काखेत मारून कारखान्यात यायचो. माझ्यासारखा वाचनाचा अधिकारी माणूस तिथं असताना सगळी गर्दी मास्तरांभोवती, हे काही माझ्या पचनी पडेना. म्हणून मी बाराखिंडीचे तोवर आलेले आठही भाग एका दमात वाचले, आणि ते आवडले म्हणून नव्हे, चुका काढायला वाचले. आणि सापडली की चूक! एका दुपारी, सगळे बसलेले असताना, मी विचारलं, "मास्तर, शुभ्रा नदी गडाच्या कुठल्या अंगाला?"

"उजव्या."

"पहिल्या चार भागांत उजव्या. पाचव्यापासून पुढं डाव्या. काढा पुस्तक."

मास्तरांनी पेन्सिल कानावर ठेवली, पुस्तकं काढली आणि पानं लावून बघितली. नदी, नदीकाठचा बुरूज, देवीचं राऊळ, सगळंच पाचव्या भागापासून दुसऱ्या अंगाला गेलेलं. "तुमचा लेखक काय लिहितो ते त्याचं त्याला आठवत नाही," मी म्हणालो. "आणि तुम्ही हात धुऊन वाचताय." दोघं-तिघं हसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मास्तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवणाच्या सुट्टीतली गोष्टही बंद पडली. विणकर माझ्याकडं असे बघायचे, जणू मी त्यांच्या डब्यात माती कालवलीय. नवव्या दिवशी मास्तर माझ्या टेबलाशी आले. "दिवाणजी, मला मराठी ह्या पुस्तकानं शिकवलं. ते खोटं निगालं तर मी शिकलो त्ये काय?" मग तेच म्हणाले, "त्ये चुकलं न्हाय. मला दिसंना झालंय, एवडंच. मी काडून बगतो."

आणि ते काढायला बसले. पुस्तकात कुठं नकाशा नव्हता. मास्तरांनी आठ भागांतली एकेक ओळ वेचली. हा कडा त्या खिंडीपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, हे तळं गडावरून दिसतं पण राउळातून दिसत नाही, असं करत करत चौकटीच्या कागदावर सगळं राज्य घराघरानं उभं केलं. नदी त्यांनी उजवीकडंच काढली. "पयलं सांगितलं त्ये खरं," म्हणाले. एवढ्यावर भागलं असतं की नाही? पण नाही. मागावर चढल्याशिवाय ह्या माणसाला कुठलीच गोष्ट दिसायची नाही. घरात त्यांच्या वडलांचा खड्ड्याचा हातमाग होता, वरचं जेकार्ड पत्र्याला टेकलेलं. सुट्टीच्या दिवशी त्यावर काम चालायचं. एरवी चादरीचा नक्षा अर्धाच काढतात. डावीकडचा मोर काढला की उजवीकडचा माग आपोआप विणतो. बाराखिंडीला अर्धं करून कसं चालेल? त्यांनी मागाच्या दोऱ्या नव्यानं बांधल्या, पट्ट्या दुप्पट पाडल्या. पाच महिने गेले. लक्ष्मीबाई म्हणायच्या, "सवत आणली असती तर एकदाच आणली असती. ही तर रोज वाडतीया."

विणायला सुरुवात झाली त्या दिवशी मी गेलो होतो. सोबत आठही भाग घेऊन या, असा निरोपच होता. निळा आणि पांढरा असे दोन रंग. सोलापुरी चादर तुम्ही वापरली असेल तर ठाऊक असेल, तिला उलटी बाजू नसते. वर निळं तिथं खाली पांढरं, वर पांढरं तिथं खाली निळं, आणि दोन्हीकडून सारखीच देखणी. मास्तर विणत होते, मी चहा पीत होतो. हातभर कापड झालं आणि धोटा थांबला.

"अय्यो," मास्तर म्हणाले.

नदी डावीकडं आली होती. त्याचं असं, की मागावर नक्षीची बाजू खाली असते आणि विणणाऱ्याला दिसते ती पाठ. पाठीला डावं-उजवं उलटणारच. मास्तरांना हे वीस वर्षं ठाऊक. पण मोर उलटा झाला तरी मोरच राहतो. कमळाला कसलं आलंय डावं-उजवं? जन्मात पहिल्यांदा त्यांनी असं काही विणलं होतं की ज्याला बाजू होती. त्या धक्क्यात सगळं विसरून ते कपाळाला हात लावून बसले. लक्ष्मीबाई उंबऱ्यातनं म्हणाल्या, "मोर काडायचं सोडून नदी काडायला गेले!"

अशा वेळी माणसानं धीर द्यावा. मी हसलो. म्हणालो, "घ्या! हे तर तुमच्या सहाव्या भागासारखं झालं."

मास्तरांची मान झटक्यानं वर आली. "काय म्हनला?"

"सहाव्या भागात नदी डावीकडंच आहे ना."

"परत म्हना!"

मी परत म्हणालो. तोवर ते खड्ड्यात उतरले होते. पाठीवर पडून, सरकत सरकत मागाच्या खाली गेले आणि खालून ओरडले, "तिसरा भाग काडा! वाचा!" मी वाचायला लागलो. नदी उजवीकडं, पलीकडं बुरूज. "हाय!" खालून आवाज. "राऊळ?" "हाय! आता सहावा काडा, आन् वरनं बगा!" मी सहावा भाग काढला आणि वरच्या कापडाकडं बघितलं. नदी डावीकडं, बुरूज, राऊळ, तळं, ओळीनं सगळं जिथल्या तिथं. मास्तर खालून विचारत होते, "वर जमीन कुटल्या रंगाची हाय?"

"निळी. गडद निळी."

"हितं पांडरी हाय. चौथ्याच्या शेवटी काय हुतं, दिवाणजी?"

चौथ्या भागाच्या शेवटी काजळी सूर्य गिळते आणि राज्यावर अंधार पडतो. मास्तर मागाखाली पडून मोठमोठ्यानं हसत होते. "पलटी मारली तिनं! सगळ्या राज्याला पलटी मारली! चुकलं न्हाय दिवाणजी, चुकलं न्हाय!" लक्ष्मीबाई विड्यांचं सूप बाजूला ठेवून धावत आल्या. त्यांना वाटलं, नवरा खुळा झाला.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच लेखकमहाशय स्वतः सोलापुरात आले. शहरात एक व्याख्यानमाला होती, तिथं त्यांचं भाषण होतं, विषय काहीतरी 'कादंबरी आणि समाज'. आम्ही दोघं तिसऱ्या रांगेत. मास्तरांच्या मांडीवर घडी घातलेली चादर. त्यांना फक्त ती द्यायची होती, बोलायचं काही नव्हतं. भाषण जोरकस झालं. शेवटी कुणीतरी बाराखिंडीचं विचारलं, तशी लेखकमहाशय हसले आणि म्हणाले, "अहो, ती घरची चूल पेटावी म्हणून लिहितो मी. तिच्याकडं साहित्य म्हणून बघू नका." सभागृह हसलं. सवयीनं मीही हसलो.

मास्तर उभे राहिले. "साहेब, तुमी खोटं बोलताय की."

दोन कार्यकर्ते त्यांना खाली बसवायला धावले. मास्तरांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही, सरळ व्यासपीठावर गेले आणि पाण्याचा तांब्या बाजूला सारून टेबलावर चादर पसरली. लेखकमहाशय पन्नाशीचे, किडकिडीत गृहस्थ. त्यांनी खिशातनं चष्मा काढला, वाकले, आणि मग बोट ठेवून एकेक वाचायला लागले. "ही शुभ्रा… हा उखळखिंडीचा बुरूज… अहो, ह्याच्याबद्दल मी एकच ओळ लिहिलीय!"

"बेचाळीस पानावर," मास्तर म्हणाले. मग त्यांनी चादर उलटी केली आणि पाचव्यापासून पुढचं सांगितलं. ते काजळीच्या पलटीपर्यंत आले तेव्हा सभागृहात मागची माणसं बाकांवर उभी राहिली होती.

लेखकमहाशयांनी चादर पुन्हा एकदा उलटून बघितली. मग म्हणाले, "मास्तर, तुमच्याशी खोटं बोलवत नाही. पाचव्या भागाच्या वेळी मी घर बदललं. नकाशा होता, तो हरवला. आठवणीनं दुसरा काढला, तो उलटा काढला असणार. ही माझी चूकच आहे."

म्हणजे मी जिंकलो होतो. भर सभेत, खुद्द लेखकाच्या तोंडून जिंकलो होतो. देवा, ह्या माणसाला इथं सगळ्यांसमोर खाली बघायला लावू नको, एवढंच मी म्हणत होतो.

मास्तरांनी खाली बघितलं नाही. "असंल. मानूस चुकतोय. पर दोनी बाजूनी बसतंय का न्हाय? आमच्यात दोनी बाजूनी बसलं की त्याला चूक म्हनत न्हाईत साहेब. चादर म्हनतात. अंते!"

असल्या टाळ्या मी त्या सभागृहात पुन्हा ऐकल्या नाहीत. लेखकमहाशयांनी माईक जवळ ओढला आणि एवढंच म्हणाले, "मघाशी चुलीचं बोललो ते मी मागं घेतो." आमच्याकडं पाहुण्याला चादर देऊनच निरोप देतात. त्या दिवशीही व्याख्यानमालेची चादर त्यांच्या खांद्यावर घातली होती. जाताना ती खुर्चीवरच राहिली, आणि मास्तरांची तेवढी छातीशी धरून गृहस्थ मोटारीत बसले. मी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होतो, "आमच्या कारखान्यातले आहेत. आमचे मास्तर आहेत ते." दोनदा सांगितलं. त्यानं विचारलं नव्हतं.

नववा भाग आधीच छापून झाला होता; दहाव्या भागात केतुमानला कळतं, की राज्याला दोन बाजू आहेत आणि काजळीनं ते उलटं केलंय. सोलापूरभर लोक ते पान एकमेकांना दाखवत होते. मास्तरांचं नाव मात्र कुठंच नव्हतं, प्रस्तावनेतही नाही. मी भडकलो. "पत्र टाका, जाब विचारा," म्हणालो. मास्तर कागदावर घरं रंगवत होते. "मोर कुनी काडला म्हनून चादरीवर लिवतात व्हय? मोर बगायचा." पण पुढच्या भागाच्या दिवशी इस्त्रीच्या सदऱ्याखाली धोतरही नवं होतं, आणि त्यांच्याआधी लक्ष्मीबाईंनी सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं, की ह्यांनी लिवायला शिकवलं त्या साहेबाला.

सत्याहत्तरला मला अकलूजच्या साखर कारखान्यात नोकरी लागली. मास्तर एसटी स्टँडवर पोचवायला आले. त्याच आठवड्यात बारावा भाग, शेवटचा, आला होता. पिशवीतनं त्यांनी तो काढला. पुठ्ठ्याचं कव्हर घातलेलं, पण पानं छापखान्यातनं आली तशी कडेला जोडलेलीच, एकही फाडून उघडलेलं नव्हतं. "आदी तुमी वाचा. चूक सापडली तर कळवा," म्हणाले. वर्षानुवर्षं त्या पुस्तकाची वाट बघितलेल्या माणसानं ते न वाचता माझ्या हातात ठेवलं, आणि का, तर त्यात खोट काढायला माझ्याएवढा लायक कुणी नाही म्हणून. आयुष्यात पुढं माझे दोन-चार सत्कार झाले. ह्याच्या बरोबरीचा एकही नाही.

चूक मला मोहोळ यायच्या आतच सापडली. सातव्या भागात मेलेला नावाडी बाराव्या भागात केतुमानला पैलतीराला नेत होता! चांगलं चार पानांचं वर्णन. ह्याच्यात आता कसली बाजू नि कसलं काय? सरळ सरळ लेखक विसरला होता. पुस्तक परत पाठवलं आणि सोबत कार्ड टाकलं. उत्तर आलं नाही.

दोनेक महिन्यांनी कारखान्याच्या कामासाठी सोलापूरला गेलो, आणि दुपारच्या सुट्टीत जुन्या कारखान्यावर डोकावलो. नक्षाच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. मास्तर पाठमोरे होते. पुढ्यात भला मोठा चौकटीचा कागद, भोवती सात-आठ विणकर, बाजूला बाराही भाग मांडलेले. मास्तर तेलुगूत जोरजोरानं काहीतरी पटवून देत होते. त्यातला फक्त 'नावाडी' हा एक शब्द मला कळला. एका म्हाताऱ्या विणकरानं मान हलवून नाही म्हटलं, तसे मास्तर खाली वाकले आणि कागदावर अजून एक घर रंगवलं.

आत जावंसं लई वाटलं. पण आत गेलो असतो तर त्यांनी मला विचारलं असतं, आणि मी माझ्या स्वभावाप्रमाणं "चूकच आहे" म्हणालो असतो. मी तसाच जिना उतरलो. पुढं मास्तरांची भेट झाली नाही. पण जिना उतरताना, त्या नावाड्याला मास्तर जिवंत करणार, ह्याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती.